वकिलांनी दावा दाखलच केला नाही. फी परत मिळेल का?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातील वडिलोपार्जित घराच्या वाटणीच्या दाव्यासाठी मी वकिलांना 40,000 रुपये दिले. वर्षभर ‘तारीख लागेल’ हेच उत्तर मिळाले. न्यायालयात चौकशी केली, तर दावा दाखलच नाही. ग्राहक आयोगात जाऊ का? – एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : तो मार्ग आता बंद आहे, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. प्रथम नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून रक्कम आणि मूळ कागदपत्रे परत मागा. फी थकलेली असली तरी वकिलांना पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, आणि तुम्ही तर फी मोजलेली आहे. पावती नसेल (बहुधा नसतेच), तर बँकेचा उतारा आणि मोबाइलवरील निरोप जपून ठेवा. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे (वकिलांच्या नियामक संस्थेकडे) तक्रार करता येते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होते. वसुलीसाठी मात्र दिवाणी न्यायालयातच, सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीत, दावा लावावा लागेल. स्त्री पक्षकार म्हणून, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला त्यासाठी विनामूल्य वकील मागता येईल.