आधी काटा घे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अत्तर बनवायला केमिस्ट्री शिकू की नाकावर विसंबू, असं विचारतेस. आधी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घे, मग वाद घालू.

तुझ्या वहीत ‘लिनालूल ७ थेंब’ असं आहे, म्हणजे त्या फुलांच्या वासाच्या द्रव्याचे सात थेंब. सात थेंब म्हणजे किती गं? थेंबाचं वजन ड्रॉपरच्या तोंडावर नि द्रवाच्या दाटपणावर ठरतं. पातळ संत्र्याचं तेल आणि मधासारखं घट्ट, कस्तुरीच्या वासाचं गॅलेक्सोलाइड यांचे थेंब सारखे कसे असतील? आज जमलेला वास मग पुढच्या महिन्यात जमत नाही, आणि दोष नाकाला. वजन कर, लिहून ठेव.

निफाडच्या द्राक्षबागेचा वास हवा म्हणून तू मिथाइल अँथ्रॅनिलेट हे रसायन घातलंस आणि जांभळ्या गोळीचा वास आला. येणारच. तो अमेरिकेतल्या कॉन्कर्ड द्राक्षाचा वास. आपल्या थॉमसनला, सोनाकाला तो कुठे असतो? तुला हिरवेपणा हवाय. कापलेल्या गवताच्या वासाचं सिस-३-हेक्झेनॉल घे, पण १ टक्क्याचं द्रावण करून. ते वास घ्यायच्या कागदी पट्टीवरून पटकन उडतं, म्हणून मागे टिकायला सिस-३-हेक्झेनिल सॅलिसिलेट. पाणी दिलेल्या मातीसाठी जिओस्मिन. १ टक्क्याच्या द्रावणाचा १ ग्रॅम नि ९ ग्रॅम डीपीजी (पातळ करायचा बिनवासाचा द्रव) म्हणजे ०.१ टक्का, त्यातला १ ग्रॅम पुन्हा ९ ग्रॅममध्ये, म्हणजे ०.०१ टक्का. तिथून सुरुवात. जास्त झालं की बाग जाते, उकडलेलं बीट उरतं.

बाटली केशरी का झाली, तेही ऐक. अँथ्रॅनिलेट आणि फुलांच्या वासाचं हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल एकत्र आले की त्यांची रासायनिक क्रिया होऊन शिफ बेस नावाचं नवं संयुग तयार होतं. रंग चढतो, वास संत्र्याच्या फुलाकडे झुकतो. माल भेसळीचा नव्हता. दुकानदाराला उगीच बोललीस.

यात कला कुठे, म्हणशील. ०.०२ ग्रॅम ठेवायचं की ०.०५, हे नाकच ठरवतं. पण काय ठरवलं ते आकड्यात नसेल तर ते ठरवणं वाया गेलं. मला हट्टी म्हणतात, म्हणोत.

आता एकच घटक बदलत पाच नमुने कर. पट्ट्या १५ मिनिटांनी, तासाने, चार तासांनी नि दुसऱ्या सकाळी हुंग. मग वेगवेगळ्या फॉइलमध्ये गुंडाळून पाठव, सोबत वजनांचा कागद. कागद नसेल तर पट्टी मी नाकाला लावणार नाही.

तुझा,
काका