सुरांना चित्रांची जोड द्यावी का?

प्रश्न : मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत संगीत शिकवते. सातवीच्या मुलांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची ओळख व्हावी, म्हणून डिस्ने यांचा ‘फँटेशिया’ हा कार्टूनपट दाखवण्याचा विचार आहे. परंतु एकदा चित्र पाहिले की पुढे ते संगीत ऐकताना मुलांना चित्रच दिसत राहील, असे आमच्या मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?
— एक संगीतशिक्षिका

उत्तर : मुख्याध्यापकांची शंका रास्त आहे, मात्र ती संपूर्ण चित्रपटाला सारखी लागू पडत नाही. १९४० साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातील रचना लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांच्या संचालनाखाली वाजवलेल्या असून, प्रत्येक रचनेचे चित्राशी असलेले नाते निराळे आहे.

पॉल द्युका यांची १८९७ सालची रचना मुळातच गटे यांच्या कवितेवर बेतलेली आहे. गुरू बाहेर गेल्यावर शिष्य झाडूला मंत्र घालून पाणी भरायला लावतो, पण थांबवण्याचा मंत्र त्याला आठवत नाही. चित्रपटात या शिष्याच्या रूपात आलेला मिकी माउस येथे शोभतो, कारण गोष्ट सुरांतच आहे. कुऱ्हाडीच्या घावाने झाडूचे तुकडे झाल्यावर वाद्ये क्षणभर थांबतात. मग अगदी खालच्या पट्टीतले एक सुषिर (फुंकून वाजवायचे) वाद्य चाचपडत तीच चाल पुन्हा धरते आणि थोड्याच अंतराने दुसरे वाद्य तिच्या मागोमाग निघते. झाडू आता एक राहिलेला नाही, हे डोळे मिटूनही कळते.

बेथोव्हेन यांच्या सहाव्या सिंफनीची गोष्ट वेगळी. हे चित्रणापेक्षा भावनेचे प्रकटीकरण अधिक आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले असताना चित्रपटात तिच्यावर ग्रीक पुराणातले पंखवाले घोडे आणि अश्वमानव आणून बसवले आहेत, शिवाय रचनेला कात्रीही लावली आहे. माझ्या मते हा भाग चित्रपटातला सर्वांत दुबळा आहे. स्ट्राविन्स्की यांनी प्राचीन रशियातील वसंतविधीसाठी रचलेल्या नृत्यसंगीतावर डायनोसॉर दाखवले आहेत. मुलांना ते आवडतीलच, पण मूळ प्रसंग त्यांना आधी सांगावा. बाख यांच्या रचनेत तर कथाच नाही, म्हणून तेथे बहुतांशी रेषा, आकार आणि रंग सुरांबरोबर हलतात, आणि तेच प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे रागमालाचित्रांची, म्हणजे रागांना चित्ररूप देण्याची परंपरा आहेच. भैरव रागाचे चित्र पाहिल्याने कोणाचा भैरव बिघडल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून चित्रपट एका बैठकीत दाखवू नका. पहिल्या तासाला द्युका यांची रचना पडदा बंद ठेवून ऐकवा, काय घडत असावे ते मुलांना वहीत लिहू किंवा काढू द्या, आणि चित्र पुढच्या तासाला दाखवा. बेथोव्हेन मात्र नुसता ऐकवा, आणि तोही न कापलेला.