मंत्र म्हणणारा आणि डोळे मिटणारा

प्रश्न : आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन फाशांवर कथा रंगवायचा खेळ. गेल्या खेपेला शत्रूच्या बुरुजात जादू बंद पाडणारं क्षेत्र होतं, म्हणजे अँटीमॅजिक फील्ड. माझ्या मित्राचं कॅरेक्टर मनःशक्तीवालं आहे. तो म्हणाला, "मी जादू करतच नाही, मनाने करतो. मला हे लागू नाही." आमची डीएम, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणारी, म्हणाली, लागू आहे. दोन तास वाद झाला आणि खेळ तिथेच मोडला. बरोबर कोण? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : निर्णय डीएमचा बरोबर आहे. पण तुमच्या मित्राच्या म्हणण्यातही खरं काहीतरी आहे, आणि ते तिने त्याला दुसऱ्या ठिकाणी द्यायला हवं.

हा वाद तुमच्या टेबलाइतका नवा नाही. मनःशक्ती, म्हणजे सायॉनिक्स, या खेळात 1976च्या एका पुरवणीतून आली. 1978च्या पुस्तकात तर ती नशिबावर होती. कॅरेक्टरच्या बुद्धी, शहाणपण किंवा करिष्मा यांपैकी एकाचा तरी आकडा 16 किंवा वर असेल, तरच शतमान फासे टाकायचे, आणि ती मिळायची शक्यता शंभरात 1 पासून सुरू. एखाद्याला लागली लॉटरी की दोन मनांची झुंज वेगळ्याच तक्त्यावर चालायची. बाकीचे चहा घेत बसायचे. दुसऱ्या आवृत्तीत 1991 साली तिला स्वतंत्र पुस्तक मिळालं, आणि तिथे मनःशक्ती ही जादू नव्हेच असं धोरण होतं. तिसऱ्या आवृत्तीने ते उलटवलं : वेगळं काही ठरवलं नसेल तर जे जादूला अडवतं ते मनःशक्तीलाही अडवतं. म्हणजे तुमचा मित्र एका जुन्या आवृत्तीच्या बाजूने भांडत होता आणि डीएम पुढच्या.

मी स्वतः कोणत्या बाजूला आहे ते सांगते. मी सदाशिव पेठेत बावीस वर्षं डीएम म्हणून या खेळाचं टेबल चालवतेय, आणि मला उत्तर नियमांच्या पुस्तकाआधी पतंजलींकडे सापडलं. योगसूत्रांच्या चौथ्या पादातलं पहिलंच सूत्र आहे : सिद्धी जन्माने, औषधींनी, मंत्राने, तपाने आणि समाधीने मिळतात. पाच वाटा, पण पाचही वाटांनी जे हाती येतं त्याला शब्द एकच, सिद्धी. मंत्र पाठ करणारा विझर्ड आणि डोळे मिटून बसणारा सायॉनिक यांच्या वाटा वेगळ्या, फळ एक.

म्हणून माझ्या टेबलावर नियम असा : वाट अडवणारी गोष्ट ज्याच्या वाटेत येते त्यालाच अडवते, फळ अडवणारी गोष्ट दोघांनाही अडवते. अँटीमॅजिक फील्ड फळ अडवतं. तोंडात बोळा, हात बांधणं, आवाज बंद पाडणारा सायलेन्स हा स्पेल (जादूचा प्रयोग), या सगळ्या वाटा अडवणाऱ्या गोष्टी. त्या विझर्डला नडतात. सायॉनिकला नाही.

हे किती मोठं देणं आहे ते मला एका रविवारी कळलं. आमच्यातल्या एका मुलाचं सायॉनिक कॅरेक्टर तळघरात कैदेत होतं. हात मागे, तोंडात फडकं. त्याच कोठडीत त्याच्या गटातला विझर्डही तसाच बांधलेला. विझर्डवाली मुलगी कॅरेक्टर शीट उलटसुलट करून पाहत होती. तिच्याकडचा प्रत्येक स्पेल बोलून किंवा हात हलवून करायचा. मग या मुलाने पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "मी किल्ल्यांकडे बघतोय." एवढंच. वीस बाजूंचा फासा टाकला. मी म्हटलं, खिळ्यावरचा जुडगा हलला, उचलला गेला, आता हवेत आहे. खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली इतकं टेबल गप्प झालं होतं.

पण पहारेकऱ्याला काहीच कळायला नको का? हवं. एका बाजूला संधीच नसेल तर तो खेळ राहत नाही. तिसऱ्या आवृत्तीत यासाठी छान सोय होती : मनःशक्ती वापरली की काहीतरी खूण उमटायची. कधी गुणगुण, कधी डोळ्यांत चमक, कधी वास. मी त्या दिवशी जळत्या कापराचा वास दिला. पहारेकऱ्याने नाक वर केलं, आणि सगळ्यांचा श्वास अडकला. ही खूण मी तेव्हापासून सोडलेली नाही, आवृत्ती कुठलीही असो.

आता तुमच्या मित्राचं. तुम्ही पाचवी आवृत्ती खेळत असाल असं धरते. तिथे 2014च्या मूळ पुस्तकात सायॉनिकचा क्लासच, म्हणजे कॅरेक्टरचा वर्गच, नाही. 2020च्या एका पुस्तकात मनःशक्तीचे तीन उपवर्ग आले. त्यातला तुमच्या मित्राचा ॲबरंट माइंड, म्हणजे सॉर्सरर या जादूगार वर्गाचा उपवर्ग, असेल, तर त्याचं मन वाचणं हा सरळ स्पेलच आहे. अँटीमॅजिकमध्ये तो चालणार नाही, याबद्दल शंका नको. मात्र सहाव्या लेव्हलपासून तो आपले सॉर्सरी पॉइंट्स (त्या वर्गाची जादूची शिल्लक) खर्चून तोच स्पेल न बोलता, न हात हलवता करू शकतो. मग समोरच्या विझर्डला तो करताना दिसतच नाही. आणि दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा काउंटरस्पेल तर तो करताना दिसल्याशिवाय टाकता येत नाही! हा त्याचा हक्क. त्याला हा द्या, बुरुजातला हट्ट सोडायला तो आपणहून तयार होईल.

एक जग मात्र माझ्या नियमाबाहेर ठेवते. 1991च्या डार्क सन या खेळविश्वातलं अथास. तिथे जादू आसपासच्या झाडाझुडपांचा जीव ओढून चालते, जमीन राख होते, म्हणून लोक मांत्रिकाचा जीव घ्यायला उठतात. मनःशक्ती मात्र ज्याच्या त्याच्याकडे थोडीफार असते, दूधवाल्याकडेसुद्धा. अशा जगात दोन्ही एकच म्हटलं तर त्या जगाचं दुःखच पुसलं जातं. तिथे वेगळं ठेवा, अगदी फळापर्यंत.

तुमच्या गटाने पुढच्या शनिवारी पहिली दहा मिनिटं फक्त यावर बोलावं, फासे पिशवीतच ठेवून. आणि मोडलेला बुरुज तिथूनच परत सुरू करावा.

प्रश्न : याच खेळासाठी मी रहस्यकथा रचते आणि मन वाचणारं कॅरेक्टर पहिल्या पाच मिनिटांत खुनी शोधतं. मनःशक्तीवर बंदी घालू का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : नका घालू. मन वाचायचा तो स्पेल नीट वाचा. आधी हाती लागतात ते फक्त वरवरचे विचार, या क्षणी मनात काय आहे तेवढेच. खोल शिरायचं तर समोरच्याला शहाणपणाचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, मिळतो, आणि तो जिंको वा हरो, कुणीतरी आत शिरू पाहतंय हे त्याला कळतं. शिवाय शिशाचा पातळ पत्रा मध्ये आला तरी स्पेल थांबतो. खुनी दिवाणजी दिवसभर खुनाचाच विचार करत बसत नाही. त्याच्या मनात ठेवा : चुलीवर दूध आहे, उतू जाईल. आणि मग त्या घरात चूल पेटलेलीच नाही, हे तुमच्या खेळाडूला स्वयंपाकघरात जाऊन स्वतः बघू द्या.