काकूंकडे ठेवू की कॅमेऱ्यासमोर?

«ताई, माझी मुलगी पाच महिन्यांची होतेय आणि रजा तीन आठवड्यांत संपतेय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माझी आई नाशिकला आणि तिची स्वतःची नोकरी चालू. दोन पाळणाघरं पाहिली. एक ऑफिसच्या वाटेवर. रंगीत भिंती, एसी, मोबाइलवर दिवसभर कॅमेरा दिसतो. दुसरं मागच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं. टू बीएचके, नऊ मुलं, मदतीला एक मावशी, कॅमेरा नाही. मी गेले तेव्हा एक बाळ रडत होतं आणि काकू लगेच उठल्या नाहीत, दुसऱ्याला भरवत होत्या ते संपवून उठल्या. तरी मन तिकडेच ओढतंय. नवरा म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. आणि हसू नका, पण ती काकूंनाच आई म्हणायला लागली तर?»
— रजा संपत आलेली, ठाणे

तुला तू म्हणते, चालेल ना? माझ्या मुलीच्या वयाची असशील.

हसले नाही. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तो शेवटचाच आहे, पण त्याच्याकडे जरा थांबून येते.

आधी सांगते की मी या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला वाढले. माझी आई डोंबिवलीत घरीच पाळणाघर चालवायची. ऐंशीच्या दशकात, दोन खोल्यांत सात मुलं, आणि शाळा सुटली की आम्ही दोघी बहिणी. सकाळी बायका लोकल गाठायच्या घाईत दारातच मूल आणि पिशवी देऊन जिना उतरायच्या. आई मूल कडेवर घेताना तळहाताची मागची बाजू त्याच्या मानेला लावायची. लाड नव्हते ते. सकाळी तापाचं औषध पाजून, ताप उतरला की मूल आणून सोडणारे पालक तेव्हाही होते. अकरा वाजले की पोर तापायला लागायचं आणि आई त्याला खांद्यावर टाकून खालच्या वाण्याकडे फोन करायला जायची. घरी फोन नव्हता. ऑफिसातून उत्तर यायचं, «मॅडम मीटिंगमध्ये आहेत.»

म्हणून काकू लगेच उठल्या नाहीत, याचं मला काही वाटलं नाही. एकाच्या तोंडातला घास अर्धा टाकून ती बाई दुसऱ्याकडे धावली असती, तर मात्र वाटलं असतं. तू हे आठव: बसल्या जागेवरून त्या रडणाऱ्या बाळाशी बोलल्या का? «आले हं राजा, हे संपवते आणि आले» असं काही? आणि तेव्हा मावशी कुठे होत्या? तुझं उत्तर या दोन गोष्टींत आहे.

आता नऊचा आकडा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे सांभाळणारी एक, असं प्रमाण आहे. मला ते सढळच वाटतं. रांगतं बाळ असलेल्या घरात एक दिवस काढलेल्या कुणालाही वाटेल. काकूंना विचार, नऊपैकी एक वर्षाखालची किती? दोनतीन असतील आणि बाकीची शाळेतून येणारी असतील, तर दोघी मिळून निभावतील. पाच तान्ही असतील तर काकू कितीही प्रेमळ असोत, नको. रंगीत भिंतीवाल्यांनाही हाच प्रश्न विचार, आणि वर आणखी एक: मुलांना सांभाळणाऱ्या मुली इथे किती दिवसांपासून आहेत? दर तीन महिन्यांनी ताई बदलत असेल, तर तुझ्या लेकीला दर तीन महिन्यांनी नव्या हाताची सवय करावी लागेल. त्या मुलींना पगार किती, हे कुणी सांगणार नाही, पण त्या किती टिकतात यावरून अंदाज येतो.

कॅमेऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण २०१६ साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तिथेही कॅमेरा होता. चित्रण पाहिलं गेलं ते बाळाला लागल्यावर. तू ऑफिसात बसून दिवसभर तो चौकोन बघत बसणार आहेस का? दोन दिवस बघशील. मग पोरगी कोपऱ्यात एकटी दिसली की जीव खालीवर होईल, आणि संध्याकाळी कळेल की ती मजेत खुळखुळा चोखत होती.

त्यापेक्षा न सांगता जा. एकदा दुपारी एकला, एकदा साडेचारला, मुलं झोपून उठतात तेव्हा. लंगोट बदलताना बघ. त्यानंतर हात धुतले का, बदलताना बाळाशी बोलणं चाललं होतं की नुसतं उचललं-पुसलं-ठेवलं? तान्ही कुठे झोपवतात, उताणी झोपवतात ना, मोठी पोरं धावतात त्यात तर नाही? दारातच «आत्ता नको, नंतर या» म्हणाले, तर परत जाऊच नकोस. मूल रोज गुंगलेलं घरी येऊ लागलं, तरी तेच. सर्दीचं औषध पाजून झोपवणारे असतात, हे काही नुसतं ऐकीव नाही.

तुझ्या कंपनीत किती माणसं आहेत, ते लिहिलं नाहीस. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दुरुस्तीत हेही आलं की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. पन्नास म्हणजे पन्नास बायका नव्हे, सगळे धरून. कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचं दोघांच्या संमतीने ठरवता येतं. एचआरला ईमेल कर. तोंडी विचारलंस तर हसून «बघू» म्हणतील.

माझा कौल? आकडा जमत असेल तर काकू. मात्र त्यांना पगारी माणसासारखं वागव. पैसे एक तारखेला. उशीर झाला तर तासाचे किती, हे आधी ठरव आणि न मागता दे. त्यांनाही वर्षातून पंधरा दिवस सुट्टी लागते, त्या वेळी काय करायचं ते आजच नवऱ्याबरोबर बसून लिहून काढ. «तुला योग्य वाटेल ते कर» हे ऐकायला गोड, पण त्याचा अर्थ चुकलं तर तुझं, असा होतो. आठवड्यातले दोन दिवस आणायला त्याने जायचं. काकूंच्या फोनमध्ये पहिला नंबरही त्याचा.

रुजू व्हायच्या आधीचे दहा दिवस तिला तिथे थोडं थोडं ने. पहिल्यांदा तासभर, तू तिथेच बसून. आत्ता ती बहुधा रडणारही नाही आणि तुला वाटेल, जमलं. मग आठव्या-नवव्या महिन्यात अचानक दारातच तुला घट्ट धरून भोकाड पसरेल. तेव्हा काकूंनी काही केलं असं लगेच समजू नकोस. त्या वयाला आपलं माणूस आणि परकं माणूस कळायला लागतं, म्हणून ते रडणं.

आणि आता ती आई. आमच्याकडची सातच्या सात मुलं माझ्या आईला आईच म्हणायची, कारण आम्ही म्हणायचो. एका बाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि जिन्यात बसून रडल्या. माझ्या आईने त्यांना पाणी दिलं, बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा वाजले की ती त्या मुलीची वेणी घालायची, पावडर लावायची आणि तिला घेऊन गॅलरीत उभी राहायची. स्टेशनकडून माणसांचा लोंढा येत असायचा. त्या गर्दीत तिची आई आम्हाला कुणाला दिसायच्या आधी तिला दिसायची, आणि ती कठड्यावर दोन्ही हात आपटायला लागायची.

काकूंकडे गॅलरी आहे का, ते मात्र तू कळवलं नाहीस.