जुन्या पल्सरला मागे गॅसचे शॉकअप टाकावेत का?

तुमची गाडी २००४ ची पल्सर १५०. रोज केज ते अंबाजोगाई, मागे मंडळी, अधूनमधून खताचं पोतं. पन्नासच्या पुढे गेलं की मागचं चाक उड्या मारतं. मेकॅनिकने शॉकअपचा अ‍ॅडजस्टर (स्प्रिंग दाबायची खाचांची कडी) शेवटच्या खाचेत नेऊन पाहिला, तर उलट जास्तच आपटायला लागली. आता तो म्हणतोय, कॅनवाले, म्हणजे बाजूला डबी असलेले, गॅसचे टाका. मीही ह्याच भागात तेवढीच जुनी पल्सर चालवतो, आणि तिचं काम बऱ्यापैकी घरीच करतो. माझं मत: टाका, पण कॅन बघून घेऊ नका आणि मागायच्या आधी जुने काढून मापा.

अ‍ॅडजस्टर फिरवल्याने आपटणं वाढलं, त्यात नवल नाही. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असं सगळेच समजतात. स्प्रिंग आहे तीच राहते, फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडीची शेपूट उचलली जाते. ओझं जास्त असेल तर त्याचा उपयोग आहे. तुमचा त्रास वेगळा आहे. दाबलेली स्प्रिंग सुटताना तिला आवरायचं काम आतल्या तेलाचं असतं. पिस्टनच्या बारीक वाटांतून ते तेल अडत अडत जातं म्हणून गाडी एकदा दबून शांत होते. वीस वर्षांत सील झिजलं आणि तेल गेलं, की राहते नुसती स्प्रिंग.

आणि आपल्याकडचे रस्ते म्हणजे खड्डे तर आहेतच, पण खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर त्याबरोबर वरखाली होतं. त्यात उसाच्या सीझनला डबल ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. अशा लाटांवर एका उसळीतून गाडी सावरायच्या आत दुसरी येते. इथे कडक स्प्रिंग घातली तर त्रास वाढतो; पाहिजे ते डॅम्पिंग, म्हणजे तेलाने उसळी आवरणं. आपल्या भागात शॉकअप लवकर ‘बसतात’ त्याचं मला हेच कारण वाटतं.

गॅसने काय होतं? साध्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर थोडी हवा असते. लागोपाठ धक्के बसले की दोन्ही घुसळून फेस होतो, आणि फेस काही अडवत नाही. दाबाखालचा नायट्रोजन भरला की फेस धरणं बरंच कमी होतं. बजाजने पल्सरला ‘नायट्रॉक्स’ शॉकअप २००५ च्या मॉडेलपासून दिले, म्हणजे तुमची गाडी थोडक्यात हुकली. तेच कंपनीचे जोडीने घेणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा अपग्रेड. पण त्याच साली १७ इंची अलॉय आले आणि गाडी सुमारे १२ मिमी खाली बसवली गेली. त्यामुळे ‘पल्सरचाच आहे, बसेल’ म्हणून डोळे मिटून घेऊ नका. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी, दोन्हीकडच्या बुशचं (बोल्ट जातो त्या रबरी नळीचं) भोक आणि रुंदी मापून कागदावर लिहून दुकानात जा. लांबी फार वाढली तर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, सेंटर स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकायला लागतं, आणि वळणावर पुढचा भाग घाईने आत पडतो.

बाजारात लाल-पिवळ्या स्प्रिंगचे, बाजूला डबी लावलेले स्वस्त जोडही मिळतात. काहींची डबी नुसती शोभेची असते. असला जोड फुकट मिळाला तरी मी लावणार नाही.

खर्चाआधी दोन तपासण्या. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खडखड लागली तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या फोर्कचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. ते आधी करा, नाहीतर नव्या शॉकअपवरही गाडी शेपूट हलवत राहील. मग गाडी खाली घेऊन सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपलेत. शॉकअपच्या दांड्यावर तेल आणि त्यावर चिकटलेली काळी धूळ दिसली, तर ही तपासणीही करायची गरज नाही. हवाही बघा: मागे एकट्याला २८, डबलसीट ३२. पंक्चरवाले सरसकट चाळीस मारतात, मग गाडी आपटणारच.

बसवताना दोन्ही बाजू एकदम खोलू नका. एक बाजू काढून नवा लावला, मग दुसरी. चिमटा जागेवर राहतो आणि बोल्ट सरळ जातात. जुना एकच गळत असला तरी बदलायची जोडीच. नट शेवटचे आवळताना गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर उभी असू द्या, नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतात. साडी गार्ड, चेन कव्हर, सायलेन्सर, कुठे घासतंय का ते माणूस बसवून बघा.

खाच कुठली ठेवायची? चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून वर साइड पॅनलच्या ठरलेल्या जागेपर्यंत माप घ्या, मग तुम्ही दोघं बसून तिसऱ्याकडून तेच माप घ्या. या गाड्यांना मागे चाल, म्हणजे चाक वरखाली होण्याचं अंतर, साधारण १०० मिमी. फरक ३० ते ३५ च्या आसपास आला की खाच बरोबर. ४५ किलोचं युरियाचं पोतं असेल त्या दिवशी एक-दोन खाचा वाढवा, घरी आल्यावर परत खाली घ्या.

कुणी ‘नवे कशाला, भोक पाडून तेल भरून देतो’ म्हणालं, तर गॅसच्या शॉकअपला हात लावू देऊ नका. आत दाब असतो, ड्रिल किंवा वेल्डिंग केलं तर तोंडावर फुटेल. साध्या शॉकअपला तो जुगाड चालतो, पण महिना-दोन महिने.

आणि हो, २००४ ची गाडी म्हणजे १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन २०१९ ला संपलं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते राहिलं असेल तर हे पैसे आधी आरटीओत घाला, शॉकअप पुढच्या महिन्यात.