जामीन मंजूर होऊन दहा दिवस झाले, भाऊ अजून इंदूरच्या जेलमध्येच. असं का?

जामिनाचा आदेश म्हणजे सुटका नव्हे. जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि जामीनदार कोर्टाने स्वीकारल्यावर रिहाई वॉरंट, म्हणजे सुटकेचा आदेश, जेलला जातं, तेव्हा माणूस सुटतो. (दुसऱ्या प्रकरणात वॉरंट असेल तर तेव्हाही नाही, हे आधी तपासा.)

गाडी बहुधा जामीनदारापाशी अडते. मध्य प्रदेशात त्याची ऋण पुस्तिका (जमिनीची मालकी नि कर्ज नोंदवलेली वही) मागतात. पुस्तिकेत ‘रामराव’ नि आधारवर ‘रामचंद्र’ असेल, किंवा तिच्यावर जुन्या जामिनाची नोंद शिल्लक असेल, तर तो परत पाठवला जातो. जामीनदार म्हणून मामा उभे राहणार असतील नि ते जळगावचे असले तरी चालायला हवेत: स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय. त्याच निर्देशांनुसार 7 दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. तुमचे दहा झालेत, तेव्हा त्या कार्यालयात आदेशाची प्रत घेऊन आजच जा. वकील फुकट मिळू शकतो.

रक्कमच झेपत नसेल तर ती कमी करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या CrPC च्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 484 खाली सत्र न्यायालयात अर्ज करा. गुन्हा जामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळतो असा) असेल तर आणखी सोपं: अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर कलम 478 प्रमाणे नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं लागतं.