नवी पाती टाकूनही कडबा कुट्टी चारा चिरडते, नीट कापत नाही. काय बिघडलं असेल?

तुम्ही लिहिलंय की यंत्र जुनं, चाकाचं आहे. दोन्ही पाती नवी टाकली, तरी वैरण तुटण्याऐवजी चेंगरून लांब दोऱ्यांसारखी पडते आणि ओला चारा रोलरला गुंडाळतो. मग दोष बहुधा पात्यांत नाही. पातं एकटं कापत नाही, कात्रीसारखं तोंडावरच्या स्थिर पट्टीशी मिळून कापतं. लोक पाती बदलत राहतात, पट्टीकडे कोणी बघत नाही.

हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, पट्टा उतरवा. चाक हाताने फिरवायचं तेवढा वेळ सोडून एरवी आऱ्यांत लाकडी ठोकळा अडकवलेला असू द्या. जड चाक थोड्या धक्क्यानेही फिरतं, आणि बोट जायला तेवढं पुरतं.

आधी शाफ्ट बघा. चाकाची कड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढा, मग ढकला. खट् आवाज होऊन चाक पुढंमागं सरकलं, तर पात्याचं अंतर कितीही बारकाईने लावा, यंत्र चालू झालं की ते बिघडणारच. बेअरिंगच्या कॉलरचा (शाफ्टवरच्या कड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला छोटा स्क्रू, आवळून बघा. तरी हललं तर बेअरिंग बदला. चाक बिडाचं असेल तर आऱ्यांच्या मुळाशी रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर थोड्या वेळाने तिथे ओली रेघ उमटते. अशा चाकाला वेल्डिंग करून चालवू नका, चाकच बदला.

आता पट्टी काढा. धारेवर नख आडवं फिरवा. नख अडकलं पाहिजे. घसरलं तर कोपरा गोल झालाय, आणि चारा नेमका तिथेच दुमडून आत ओढला जातो. काही पट्ट्या उलटून दुसरी कड वापरता येते. नाहीतर वर्कशॉपमधल्या सरफेस ग्राइंडरवर (सपाट घासणाऱ्या यंत्रावर) घासून आणा. हातग्राइंडरने ती मधोमध खोल होते, मग पातं दोन टोकांना घासतं आणि मध्ये सोडतं. परत बसवताना खालची जागा खरवडून साफ करा. चिमूटभर भुसा राहिला तरी पट्टी तिरकी बसते.

पात्याची सपाट बाजू पट्टीकडे आणि उतार बाहेर हवा. नवी पाती उलटी बसली असतील तर तुमची तक्रार तिथेच सुटेल! पातं आणि पट्टी यांतलं अंतर अगदी कमी ठेवा. पात्याचे बोल्ट अर्धा फेरा सैल करून मागच्या सेटिंग बोल्टने पातं पुढे ढकला. मग तोंडात वर्तमानपत्राचा कागद धरून (बोटं मागेच) चाक हाताने सावकाश फिरवा. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये कागद स्वच्छ तुटला पाहिजे, लोखंड लोखंडाला न लागता. बोल्ट आवळताना पातं किंचित सरकतंच, म्हणून आवळल्यावर पुन्हा कागद लावा. इथे साधे बोल्ट चालत नाहीत, 8.8 ग्रेडचेच (जास्त ताकदीचे, डोक्यावर 8.8 लिहिलेले) घ्या.

धार लावताना फक्त उताराची बाजू घासा, मधूनमधून पाण्यात बुडवा. निळा डाग पडला की पात्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, ती धार टिकत नाही. दोन्ही पाती एकदमच घासून वजन सारखं ठेवा, नाहीतर चाक थरथरतं.

कापणी सुधारली की गुंडाळणं बरंच कमी होतं. तरी राहिलंच तर वरच्या रोलरच्या दोन्ही स्प्रिंगांचा ताण सारखा आहे का आणि रोलरचे दात झिजलेत का ते बघा.

माल कमी पडतो म्हणून पुली बदलून वेग वाढवू नका. चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग सव्वापट केला की ताण दीडपटीच्याही वर जातो.

पहिली 5 मिनिटं रिकामं चालवा, चाकाच्या रेषेत उभं न राहता. अर्धा तास चारा कापल्यावर बंद करून पात्यांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.